धाकट्या जावेनं जेवण कमी केलंय : गरोदरपणातलं वजन, सूज आणि बीपी

जवसफूल (सोमवार, रात्री ८:१५)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, घरचे वाचतील.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात मला झटके आले होते. त्याआधी घरच्यांच्या नजरेत सगळं छान चाललं होतं. लग्नात मी ४४ किलोची. सातव्या महिन्यात अंगणवाडीत वजन केलं तर ५२ भरलं. त्यानंतर तीन आठवड्यांत साडेछप्पन! सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, आता कुठं पोरीनं अंग धरलं. आठवा लागताना ओटी भरली, तेव्हा माझ्या नेहमीच्या सव्वादोनच्या बांगड्या हातात जाईनात, ऐनवेळी अडीचच्या आणाव्या लागल्या. जोडवी बोटात रुतली होती. सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले असायचे. हे सगळं तब्येत सुधारल्याचं लक्षण समजून सगळे खूश होते, मीसुद्धा.

मग डोकं ठणकायला लागलं. बाम चोळून झोपायचे. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, तर म्हटलं अशक्तपणा. छातीच्या खाली उजव्या अंगाला दुखायचं, त्याला घरात पित्त म्हणाले आणि मी लिंबू-सोडा पीत राहिले. चौथ्या दिवशी पहाटे न्हाणीजवळ पडले. पुढचं मला आठवत नाही. तालुक्याला दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शनं दिली, तिथून यवतमाळ. बीपी १७०/११६ होतं. मुलगा १ किलो ६५० ग्रॅमचा, एकवीस दिवस पेटीत होता. आता तो घरभर पळतो.

त्या महिन्यात माझं बीपी एकदाही मोजलं गेलं नव्हतं. वेचाईचे दिवस होते, तपासणीची तारीख निघून गेली, कोणाच्या लक्षात आलं नाही. शेतात रोज संध्याकाळी प्रत्येकीनं वेचलेल्या कापसाचं वजन किलोवर लिहिलं जायचं. माझं वजन साडेचार किलोनं वाढलं, त्याचा हिशेब कोणी विचारला नाही.

आता मूळ प्रश्न. माझी धाकटी जाऊ साडेसहा महिन्यांची आहे. घरात पक्कं ठरलंय की मोठीनं जास्त खाल्लं, वजन वाढलं, म्हणून तिला झटके आले. त्यामुळे धाकटी घाबरून एक वेळ अर्धी भाकर खाते. रात्री नुसता वरणाचा रस्सा, तोही बिनमिठाचा. मी सांगते की माझं ते वजन अन्नाचं नव्हतं, अंगात पाणी साचलं होतं. पण मला नीट पटवून देता येत नाही, आणि ज्या बाईला झटके आले तिचं कोण ऐकणार? कोणाला माहिती असेल तर सोप्या भाषेत लिहा. मी तिला आणि सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.


रातपाळी (सोमवार, रात्री ९:०२)

ताई, तुमचंच बरोबर आहे. हे वाचून दाखवाल तेव्हा माझं नाव नाही, पण चौदा वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती विभागात काम करणारी सिस्टर सांगते असं म्हणा.

आम्हाला शिकवलेला हिशेब असा : पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो वजन वाढावं. पहिले तीन महिने फारसं वाढत नाही, उलट्यांनी कधी घटतंही. नंतर महिन्याला साधारण २ किलो. एका महिन्यात ३ किलोच्या वर गेलं, की आम्ही थांबून बघतो. जुळं आहे का, साखर आहे का, की बीपीचा आजार सुरू होतोय? त्याच वेळी बीपी मोजायचं आणि लघवी तपासायची. वाढलेल्या वजनावर जेवण तोडणं हा उपाय कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नाही.

जावेला उद्याच उपकेंद्रात न्या. चालत गेल्यावर लगेच बीपी मोजू देऊ नका. पाच-दहा मिनिटं टेकून बसू दे, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला. लघवी धारेच्या मधली घ्या, सुरुवातीची नको, कारण अंगावरून पांढरं जात असेल तर पट्टीवर खोटं अल्ब्युमिन (प्रथिन) दिसतं. वजन दर वेळी त्याच काट्यावर करा. आमच्याकडं एक बाई अंगणवाडीच्या काट्यावर ५४ आणि आमच्या काट्यावर ५७ भरली होती. घरचे घाबरून गेले, फरक काट्यांत निघाला.


निंबोळी_आजी (सोमवार, रात्री ९:३१)

मी शिकेल नाही बाई, नातू टाइप करून देऊन रायला. माह्या लेकीले पह्यल्या खेपेले असंच झालं होतं. पाय एवढे सुजले का बोट दाबलं तर खड्डा पडे. आम्ही म्हटलं पोट्टी होईन, पोट्टीच्या वक्ताले सूज येतेच. मंग एक दिवस तिचे दात आवळले, डोळे फिरले. कोनी कांदा आनला, कोनी चप्पल हुंगवली. मी म्हटलं बाहेरचं लागलं, अन् मानूस धाडून जानत्याले बलावलं. दोन घंटे त्याच्यातच गेले. लेक वाचली. पोट्टं नाई वाचलं.

एकवीस वर्सं झाले. ते दोन घंटे माह्यापासून जात नाई. आता गावात कोनाची बी सून पोटुशी असली तं मी सोता जाऊन इचारतो, तोंड सुजलं का, डोकं दुखते का, दवाखान्यात कवा गेली होती. तुह्या सासूले सांग बाई, एक आजी असं बोलली म्हनून.


जवसफूल (सोमवार, रात्री ९:४४)

आजी, हे मी सासूबाईंना शब्द न् शब्द वाचून दाखवीन. तुम्ही लिहिलंत, तुमचे फार उपकार.


अधिकमास (सोमवार, रात्री १०:२०)

मी नागपूरला स्त्रीरोग विभागात डॉक्टर आहे, माझं बालपण उमरेडजवळच्या खेड्यात गेलं. जवसफूल, तुमच्या घरातल्या समजुतीत कारण आणि लक्षण यांची अदलाबदल झाली आहे. जरा सविस्तर लिहिते.

या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याची सुरुवात वारेत, म्हणजे बाळाला रक्त पुरवणाऱ्या प्लॅसेंटात होते. पहिल्या चार-पाच महिन्यांत वार गर्भाशयात रुजताना तिथल्या रक्तवाहिन्या मोठ्या आणि सैल व्हाव्या लागतात, म्हणजे बाळाकडं भरपूर रक्त जातं. काही जणींत त्या अरुंदच राहतात. मग रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते, की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. मूत्रपिंडातून प्रथिनं लघवीत गळतात. रक्तातलं पाणी झिरपून मांसात साचतं, ती सूज. यकृताला सूज आली की छातीखाली उजवीकडं दुखतं, तेच तुमचं ‘पित्त’. मेंदूपर्यंत गेलं की डोकेदुखी, काजवे आणि शेवटी झटके. म्हणजे वजन वाढलं तेव्हा आजार आधीच अंगात होता.

आता तुमच्या साडेचार किलोंचा हिशेब करू. एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्त लागतात. तीन आठवड्यांत साडेचार किलो चरबी चढवायची, तर रोजच्या जेवणाशिवाय दिवसाला सोळाशेच्या वर कॅलरी पोटात जायला हव्यात. म्हणजे आणखी एका माणसाचं दिवसभराचं जेवण तुम्ही रोज जेवत होतात का? नव्हतात. ते पाणीच होतं. सासूबाईंना हे ताटाच्या भाषेत सांगा, त्यांना लगेच पटेल.

जावेबद्दलही एक सांगायचं आहे. बाईच्या आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असेल तर तिचा धोका वाढतो. तुम्ही तिच्या जाऊ आहात, रक्ताचं नातं नाही. तुम्हाला झाला म्हणून तिला होईल असं काही नाही. विचारायचं असेल तर तिच्या माहेरी, तिच्या आईला विचारा. बाकी धोका पहिलटकरीणीला जास्त, जुळं असेल तर जास्त, आधीपासून बीपी, साखर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जास्त, वय चाळिशीकडं असेल तर जास्त, आणि आधीच्या खेपेला झाला असेल तर बराच जास्त. हे शेवटचं तुमच्यासाठी. पुढच्या वेळी दिवस गेले की १२ आठवड्यांच्या आत डॉक्टरांना भेटून आधीच्या झटक्यांचं सांगा. अशा बायकांना कमी मात्रेचं ॲस्पिरीन रोज देतात, ते लवकर सुरू केलं तरच उपयोगी पडतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलमधून स्वतः आणून घ्यायचं नाही.


आंबियाबहार (सोमवार, रात्री ११:०५)

मी काटोलकडची, आमच्या संत्र्याच्या बागा आहेत. डॉक्टर मॅडम, वजनाचा काहीच संबंध नाही असं म्हणायचं आहे का? कारण मला तर दर वेळी वजनावरूनच बोलणी खावी लागली. माझी उंची १५८ सेंटिमीटर, दिवस गेले तेव्हा वजन ७८. एका ठिकाणी तपासायला जायचे, तिथं काट्यावर चढले की सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं बोलायचे, ‘आणखी किती वाढवणार?’ पाचव्या-सहाव्या महिन्यात मी जाणंच सोडून दिलं. दोन महिने गेलेच नाही. घरी सांगायचे, जाऊन आले.


अधिकमास (सोमवार, रात्री ११:२६)

ताई, तुमच्याशी जे बोलले ते चुकीचंच होतं. वजन जास्त असलेल्या बाईला तपासणीची गरज इतरांहून जास्त, आणि तिलाच लाजवून दारातून परत पाठवलं.

संबंध आहे, तो नीट सांगते. दिवस जाण्याआधीचं वजन उंचीच्या मानानं खूप असेल, तर प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका दोन-तीन पट वाढतो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, ३१ येतो. अशा बाईनं पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो वाढवावेत असं मानतात. मध्यम बांध्याच्या बाईनं साडेअकरा ते सोळा, आणि अगदी कृश बाईनं साडेबारा ते अठरा. हे आकडे अमेरिकेतल्या २००९ च्या शिफारशींतले आहेत. आपल्याकडची ९ ते ११ ची मोजणी सिस्टरांनी वर दिलीच आहे. हळूहळू पण जास्त वाढणाऱ्या वजनानंही धोका थोडा चढतो. पण गरोदरपणात उपाशी राहून वजन घटवलं म्हणून हा आजार टळतो, असं कुठंही दिसलेलं नाही. आपली संधी दिवस जाण्याआधी असते, आणि त्यानंतर उरते ती तपासणी. मिठाचंही तसंच. मीठ तोडून प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. लोणचं-पापड बेतानं खावं, पण वरणात मीठ असू द्या, नाहीतर जेवण जात नाही.

तुम्ही पुढं काय केलंत?


आंबियाबहार (सोमवार, रात्री ११:३८)

माझ्या आशाताई घरी आल्या. वजनाचं अक्षर काढलं नाही, फक्त म्हणाल्या, ९ तारखेला माझ्यासोबत चला. दर महिन्याच्या ९ तारखेला मोठ्या डॉक्टर येऊन फुकट तपासतात ना, तिथं नेलं. कार्डावर लाल स्टिकर लावलं. तेव्हा फार रडू आलं, पण त्या स्टिकरमुळं पुढं प्रत्येक वेळी आधी माझं बीपी पाहिलं गेलं. एकूण ७ किलो वाढले, बीपी शेवटपर्यंत नीट राहिलं. मुलगी ३ किलोची झाली.


सिपना_काठ (मंगळवार, सकाळी ६:५०)

मी मेळघाटात, धारणी भागात आशा आहे. वाचता वाचता वाटलं की आमच्याकडची गोष्ट सांगायला हवी, कारण इथं जाड बाई शोधावी लागते.

आमच्या बाया ३८-४० किलोच्या. पावसाळ्यात घरात धान्य कमी असतं, त्याच दिवसांत रोवणी-निंदणीचं काम. वजन वाढतच नाही म्हणून आम्ही धावत असतो. अंगणवाडीत अमृत आहाराचं एक वेळचं ताट मिळतं, तिथं बसवून खाऊ घालतो. अशा बाईचं वजन एकदम वाढलं की आम्हीच टाळ्या वाजवतो! मागच्या वर्षी एकीचं महिन्यात साडेतीन किलो वाढलं. मला आनंद झाला होता. सिस्टरनं तिच्या पायाच्या नडगीवर अंगठा दाबला, मग कपाळावर दाबला. दोन्हीकडं खड्डा. बीपी १५०/१००. ही बाई ४१ किलोची होती. बारीक आहे म्हणून बीपी नसेल, असं धरून चालू नका एवढंच मला सांगायचं आहे.

तिला आम्ही माहेरघरात आणून ठेवलं. घाट उतरून परतवाडा, पुढं अमरावती, हा रस्ता रात्री पावसात झटके आल्यावर करण्याचा नाही. माहेरघर म्हणजे आरोग्य केंद्राजवळची खोली. तारीख जवळ आली की बाई आणि तिच्यासोबत घरचं एक माणूस तिथं येऊन राहतं. पहिल्यांदा ती तयार नव्हती, घरी दोन लेकरं आणि बकऱ्या. नवऱ्याशी तीन वेळा बोलावं लागलं.


रातपाळी (मंगळवार, सकाळी ७:१५)

कपाळावर अंगठा दाबणं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पायाची सूज तर दिवसभर उभं राहून, पाय लटकवून बसून, अगदी निरोगी गरोदर बाईलाही येते, रात्री आडवं झाल्यावर उतरते. चेहऱ्याची आणि हातांची सूज, सकाळी उठल्या उठल्या असलेली, ती वेगळी. पण उलटही सांगते. सूज अजिबात नसताना बीपी १६० असलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. म्हणून सूज आहे की नाही यावर कोणी निर्धास्त राहू नये. १४०/९० च्या वर गेलं की दवाखाना. १६०/११० म्हणजे त्याच तासाला.


जवसफूल (मंगळवार, दुपारी २:१०)

जावेला घेऊन उपकेंद्रात जाऊन आले. वजन ४९, मागच्या महिन्यात ४९ च होतं! म्हणजे महिनाभरात काहीच वाढलं नाही. बीपी ११०/७०, लघवीत काही नाही. हिमोग्लोबिन ८.९. सिस्टर तिच्यावर नाही, माझ्यावर रागावल्या, घरात मोठी असून लक्ष दिलं नाही म्हणून. रागावणं बरोबरच होतं.

डॉक्टर मॅडमचा ताटाचा हिशेब सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आजीची गोष्ट वाचली, तेव्हा पदर डोळ्याला लावला. दुपारी जेवायच्या वेळी त्यांनी स्वतः जावेसमोर ताट ठेवलं : दोन भाकरी, घट्ट वरण, अंबाडीची भाजी आणि मुठीएवढे शेंगदाणे. तिनं खाल्लं. मीठही होतं.

मॅडम, कॅल्शियमच्या गोळ्या ती घेत नाही, मळमळतं म्हणते. त्याचा या आजाराशी संबंध आहे का?


अधिकमास (मंगळवार, दुपारी ४:४५)

आहे, आणि आपल्या भागात तर नक्कीच. ज्या बायकांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांना ते दिल्यानं प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी होतो. गावात दूध निघतं ते डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं, आणि सुनेच्या वाटणीला त्यातलंही थोडंच. म्हणून १४ आठवड्यांपासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. लोहाच्या गोळीसोबत घेतली तर दोन्ही नीट लागू पडत नाहीत, मध्ये निदान दोन तास जाऊ द्यायचे. मळमळत असेल तर जेवल्यावर घ्यायची. तुमच्या जावेला ८.९ हिमोग्लोबिनवर लोह सोडून चालणारच नाही. लोह रात्री झोपताना, कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणानंतर, असं करून पाहा.


धुऱ्यावरचा (मंगळवार, रात्री ९:५०)

मी पुरुष आहे, इथं लिहिणं बरोबर आहे का माहीत नाही. हिंगणघाट तालुका. बायकोला ३४ वा आठवडा सुरू आहे. कालपासून हा धागा वाचून राहिलो. तिचं डोकं दोन दिवसांपासून दुखते, गोळी घेतली तरी थांबत नाही. आता तिला म्हटलं जोडवी काढून दाखव, तर निघत नाही. सकाळी चेहरा सुजेल दिसला होता पण झोप जास्त झाली असं वाटलं. मागचं वजन पंधरा दिवसांपूर्वीचं आहे. सकाळी नेलं तर चालेल का? आई म्हणते रात्री कुठं फिरवता.


रातपाळी (मंगळवार, रात्री ९:५३)

भाऊ, सकाळी नाही, आत्ता. १०८ लावा. गाडीला वेळ लागणार असेल तर गावात कोणाची चारचाकी असेल ती काढा, मोटारसायकलवर बसवू नका. माता बाल कार्ड, आधार, सोबत एक बाई आणि रक्त लागलं तर देऊ शकेल असा एखादा माणूस घ्या. गाडीत डाव्या कुशीवर झोपवा. वाटेत झटका आलाच तर कुशीवरच ठेवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, डोकं आपटणार नाही एवढं बघा. पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला : आठव्या महिन्याची आहे, दोन दिवस डोकं दुखतंय, चेहरा सुजलाय, आधी बीपी बघा.


निंबोळी_आजी (मंगळवार, रात्री ९:५८)

बापू, मायचं ऐकू नको. नीघ.


धुऱ्यावरचा (मंगळवार, रात्री १०:०४)

गाडी येऊन राहिली. निघतो.


सिपना_काठ (बुधवार, सकाळी ६:३०)

भाऊ, जमेल तेव्हा दोन शब्द टाका. आम्ही सगळ्या वाट बघतोय.


धुऱ्यावरचा (बुधवार, दुपारी १:२०)

तालुक्याला बीपी १६४/११२ निघालं. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तेवढंच. लघवीत प्रथिनं तीन प्लस. तिथं लगेच दोन्हीकडं इंजेक्शनं दिली आणि बीपीची गोळी दिली. तिच्या अंगात आग आग झाली, ती घाबरली, पण सिस्टर म्हणाल्या या औषधानं असं होतेच. मग वर्ध्याला आणलं. इथं दर तासाला गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी मापतात. बाळाच्या फुप्फुसासाठी वेगळं इंजेक्शन दिलं. झटका आला नाही. डोकं थोडं उतरलं आहे.

डॉक्टरांनी सांगितलं दोन दिवसांत बाळंत करावं लागेल. अजून सहा आठवडे बाकी आहेत, लेकरू लहान राहील. बीपीच्या गोळ्या देऊन थांबता नाही येत का?


अधिकमास (बुधवार, दुपारी ३:०५)

भाऊ, तुम्ही वेळेत पोचलात, हे आधी मनात धरा.

ती इंजेक्शनं मॅग्नेशियम सल्फेटची. त्यानं बीपी उतरत नाही, झटके टळतात. २००२ मध्ये दहा हजारांवर बायकांवर झालेल्या अभ्यासात झटक्यांचा धोका त्यानं निम्म्याहून खाली आला होता. जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून ती हातोडी आणि श्वास मोजणं. तेवढं लक्ष ठेवतात म्हणजे काम नीट चाललंय. बीपीच्या गोळ्या वेगळ्या. त्यातल्या तीन साध्या, तोंडानं घ्यायच्या औषधांची तुलना आपल्या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ बायकांवर झाली होती, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तिन्हींनी बहुतेक बायकांचं बीपी सहा तासांत आवाक्यात आलं. सलाइन लावून बीपी उतरवायची सोय नसलेल्या ठिकाणीही गोळीवर बाई सावरता येते, हे आपल्या मेडिकल कॉलेज आणि डागा रुग्णालयातल्या बायकांमुळं जगाला कळलं.

पण गोळी बीपी उतरवते, आजार वारेत आहे तो तसाच राहतो. वार बाहेर येते तेव्हाच तो ओसरायला लागतो. इतकं तीव्र असेल तर थांबण्यात आईचा जीव धोक्यात, आणि बाळालाही आत रक्त कमीच मिळतंय. दोन दिवस थांबलेत ते फुप्फुसाचं इंजेक्शन लागू पडावं म्हणून. चौतीस आठवड्यांची बाळं चांगली जगतात.


आंबियाबहार (शुक्रवार, रात्री ८:४०)

भाऊ, कसे आहात सगळे?


धुऱ्यावरचा (शनिवार, सकाळी ११:१५)

काल दुपारी सिझर झालं. मुलगी आहे, १ किलो ९०० ग्रॅम. नवजात बाळांच्या कक्षात ठेवली आहे, नळीनं दूध देतात. बायको बोलते, चहा प्यायली. आई तिच्या उशाशी बसून आहे, कालपासून उठली नाही. आईनंच मला सांगितलं की त्या धाग्यातल्या आजीला लिही, पोरगी झाली म्हणून.


निंबोळी_आजी (शनिवार, सकाळी ११:४०)

लक्षुमी आली बापू. तुह्या मायले माहा नमस्कार सांग.


रातपाळी (शनिवार, दुपारी १२:३०)

अभिनंदन भाऊ. आता एक गोष्ट, कारण बहुतेक घरांत इथंच हात सैल सुटतो. बाळंत झाली म्हणजे संपलं, असं नाही. बीपी पहिले एक-दोन दिवस उतरतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा चढू शकतं. झटके बाळंतपणानंतरही येतात, बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, क्वचित त्यानंतरही. घरी सोडल्यावर गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, दम लागला, तर बाळंतिणीला वारं लागलं म्हणून शेक-शेगडी करत बसू नका, थेट दवाखाना. सहा आठवडे बीपी मोजत राहायचं. पुढंही वर्षातून एकदा तरी, कारण अशा बायकांना मोठेपणी बीपी आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो.


धुऱ्यावरचा (शनिवार, दुपारी १:०५)

सुट्टी झाल्यावर ती माहेरी जाणार आहे, समुद्रपूरकडं. तिथं बीपीचं यंत्र नाही. इकडंच ठेवू का?


रातपाळी (शनिवार, दुपारी १:१८)

माहेरी जाऊ द्या, तिला आईजवळ बरं वाटेल. निघायच्या आधी तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टरला फोन करून कार्डावरचे आकडे सांगा, आणि आठवड्यातून दोन वार ठरवून घ्या. घरी यंत्र घेणार असाल तर दंडावर बांधायचं घ्या, मनगटावरचं नको, आणि पहिल्यांदा सिस्टरच्या यंत्राशी ताडून बघा.


जवसफूल (पुढचा महिना, १० तारीख, संध्याकाळी ७:२५)

काल ९ तारखेला जावेला नेलं होतं. वजन ५१ किलो २००. बीपी ११४/७२. लघवी साफ. हिमोग्लोबिन ९.८. तिच्या आईला विचारून आले, त्यांना किंवा तिच्या बहिणीला असं काही झालेलं नव्हतं. सासूबाईंनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर तारीख, वजन आणि बीपी लिहून ठेवलंय. त्यांना आकडे येतात, अक्षरं येत नाहीत, म्हणून वजनापुढं काट्याचं चित्र आणि बीपीपुढं हाताचं चित्र काढलंय. वेचाई पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे. तपासणीच्या दिवशी घरातलं कोणी कापसाला जाणार नाही, असं त्यांनी मामंजींना सांगून टाकलं.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्याकडं कसं आहे?


धुऱ्यावरचा (पुढचा महिना, १० तारीख, रात्री ९:१०)

माहेरीच आहे. मंगळवारी आणि शनिवारी उपकेंद्रात जाते. या मंगळवारी बीपी १२८/८४ होतं, एक गोळी कमी केली. जोडवी अजून घातली नाहीत, ती म्हणते सव्वा महिना होऊ द्या.

पोरीचं वजन आज २ किलो ४४० ग्रॅम भरलं.